मिनी ट्रॅक्टरची बॅटरी पार गंजलीय, नुसती नवी बसवून भागेल का?

मणेराजुरी_बागायत

नमस्कार मंडळी. आमची मणेराजुरीत द्राक्षबाग आहे. २७ एचपीचा मिनी ट्रॅक्टर आहे आणि त्याचं मुख्य काम म्हणजे ब्लोअर (बागेत औषध फवारायचं यंत्र) चालवणं. गेल्या आठवड्यापासून चावी फिरवली की नुसतं कट-कट वाजतं, सेल्फ फिरत नाही. बॉनेट उघडून बघितलं तर प्लसच्या टर्मिनलवर निळसर हिरवा फुलोरा आलाय, मायनसवर पांढरी भुकटी. क्लॅम्पचा नट कुठला आणि बोल्ट कुठला हेच कळत नाही. बॅटरी ज्या पत्र्याच्या ट्रेवर बसते त्याचा कोपरा बोटाने दाबला तर पापुद्रा सुटून हातात आला. वरच्या दाबपट्टीचा हूक तुटून खाली पडलेला, म्हणजे बॅटरी नुसती ठेवल्यासारखी होती आणि बांधावरून जाताना हादरे खात होती.

दुकानात फोन केला. ते म्हणाले बॅटरी संपली, नवी घेऊन जा, बसवायला दहा मिनिटं लागतात. ट्रेचं विचारलं तर "चालतंय की, खाली रबर टाका." आमचे मामा (सासरे) म्हणतात, ट्रॅक्टर उतारावर लावत जा, ढकलून चालू होतोय तोवर कशाला खर्च. मला दोन्ही पटत नाही. छाटणी तोंडावर आलीय. पोंगा (छाटणीनंतरचा कोवळा फुटवा) फुटायला लागला आणि रात्री पाऊस पडला, तर पहाटे औषध मारावंच लागतं. डाऊनी (केवडा रोग) कुणाची वाट बघत नाही. त्या वेळी औषधाने भरलेली टाकी मागे लावून ट्रॅक्टर कोण ढकलणार?

बॅटरी मीच बदलायची म्हणतेय. पाने, पॉलिश पेपर, मल्टिमीटर घरात आहे. मला कळायचंय ते एवढंच: बॅटरीच गेली आहे का वायरी, हे घरी कसं ओळखायचं? जुनी ५० एएचची आहे, ६५ ची बसवली तर चालेल का? आणि मुख्य म्हणजे गंज एवढा का चढला? तेच कळलं नाही तर नवी बॅटरीपण त्याच वाटेने जायची.

---

पलूस_ऊसवाला

ताई, एवढं काही नाही. टर्मिनलवर कडकडीत गरम पाणी ओता, फुलोरा धुऊन जातो. क्लॅम्प नवे टाका, वर ग्रीस लावा. आमचा असाच चालू झाला होता.

---

मिरज_ऑटोइलेक्ट्रिक

ताई, तुम्ही शेवटी जे विचारलंय ना, ते गिऱ्हाईक सहसा विचारत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो. मिरजेत ट्रॅक्टर आणि पिकअपच्या वायरिंगचं काम करतो, द्राक्षपट्ट्यातले मिनी ट्रॅक्टर माझ्याकडे कायम येतात.

पलूसचे दादा म्हणतात तसं गरम पाण्याने फुलोरा जातो, पण अ‍ॅसिड तिथंच राहतं. पाणी खाली ट्रेवर उतरतं आणि ट्रे आणखी खातं. आधी अ‍ॅसिड मारायला पाहिजे, त्याला खायचा सोडा लागतो. मगभर कोमट पाण्यात दोन-तीन चमचे.

तो निळसर हिरवा फुलोरा नीट बघा. तुम्ही बागायतदार, तुम्हाला रंग ओळखीचा वाटेल. ते मोरचूदच आहे. बॅटरीतल्या सल्फ्युरिक अ‍ॅसिडची वाफ टर्मिनलच्या बुडातून बाहेर येते, केबलच्या लगमधलं (टोकाच्या कडीतलं) तांबं खाते आणि त्याचं मोरचूद होतं. म्हणजे हिरवं दिसलं की समजायचं, केबलचं तांबं जायला लागलंय. पांढरी भुकटी शिशाची असते, ती विषारी. फुंकर मारून उडवू नका, कोरड्या ब्रशने घासू नका, आधी ओली करा. हातमोजे, चष्मा घाला आणि पोरांना लांब ठेवा.

आता बॅटरी का वायर, ते कसं ओळखायचं. बॅटरी सोडवा, बाहेर चार्ज करा आणि चार्जर काढून रात्रभर नुसती ठेवा. सकाळी मीटर लावा. १२.६ किंवा वर असेल तर जीव आहे. १२ च्या आसपास किंवा खाली आली तर गेली. बूच उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर (अ‍ॅसिडचं गुरुत्व मोजायची नळी) आणा, महाग नसतो. सहाही घरांचं गुरुत्व बघा. सगळी घरं सारखी कमी असतील तर चार्जिंग कमी झालंय. पाच चांगली आणि एकच पडलेलं असेल तर ते घर मेलं, त्या बॅटरीवर वेळ घालवू नका.

पण ताई, बॅटरी मेली म्हणून वायर चांगली असं होत नाही, आणि इथंच लोकांचे पैसे जातात. डिझेल इंजिनचा सेल्फ फिरताना दीडशे-दोनशे अँपिअर सहज ओढतो. आता हिशेब करा. गंजलेल्या अर्थच्या (मायनसची केबल बॉडीला जोडतात त्या) बोल्टला फक्त ०.०१ ओहमचा अडथळा आला, तर २०० अँपिअरला तिथंच २ व्होल्ट खाल्ले जातात. दिवा लावला तर लख्ख लागतो, हॉर्न वाजतो, कारण त्यांना अँपिअर थोडे लागतात. सेल्फला मात्र पुरत नाही आणि तो कट-कट करत बसतो. दुकानदार नवी बॅटरी टाकतो, ताजी असल्याने ती दमदाटी करून सेल्फ फिरवते. थंडीच्या पहाटे परत तेच रडगाणं.

म्हणून बॅटरी बसवल्यावर ही चाचणी कराच. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या मायनस खांबाच्या शिशावर टेकवा, क्लॅम्पवर नाही. लाल पिन इंजिनच्या ब्लॉकवर, रंग नसलेल्या जागी. डिझेलची नॉब बंद स्थितीत ठेवून कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. गिअर न्यूट्रल आणि मागे पीटीओ (ब्लोअर फिरवणारा दांडा) सुटलेला पाहिजे. मीटर ०.२-०.३ च्या वर गेला तर अर्थ खराब. तसंच प्लसच्या खांबापासून सेल्फच्या मोठ्या बोल्टपर्यंत बघा. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत पाहिजे.

केबलचं अजून एक. लगजवळ रबर फुगल्यासारखं किंवा कडक लागलं तर ब्लेडने दोन बोटं चिरून बघा. आत तार लाल चकचकीत असेल तर ठीक. काळी-हिरवी असेल तर अ‍ॅसिड आत चढलंय. मग क्लॅम्प बदलून उपयोग नाही, अख्खी केबल बदला. बाजारात हातोडीने चेपलेले लग मिळतात ते घेऊ नका, प्रेसवर दाबलेलाच लग पाहिजे.

सोडवताना आधी मायनस, बसवताना शेवटी मायनस. हे पाठ करा. मायनस जोडलेला असताना प्लस सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर सरळ शॉर्ट. पाना लाल होऊन चिकटतो, आणि बॅटरीतून निघालेला हायड्रोजन आसपास असला तर बॅटरी फुटून अ‍ॅसिड तोंडावर येतं. अंगठी, बांगड्या काढून ठेवा. मोबाईलच्या उजेडात करा, लायटर जवळ नको.

५० च्या जागी ६५ चालते. अल्टरनेटरला (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) ती भरायला जरा जास्त वेळ लागेल, बाकी काही नाही. पण मिनी ट्रॅक्टरमध्ये जागा मोजून मापून असते. लांबी-रुंदी बघाल, उंची विसरू नका. बॉनेट बंद केल्यावर पत्रा प्लसच्या टर्मिनलला टेकला तर बॉनेटच शॉर्ट करतं. प्लस डावीकडे आहे का उजवीकडे, फोटो काढून दुकानात न्या. उलट्या बाजूची घेतली तर केबल ताणून बसवतात, ती पंख्याला किंवा रेडिएटरला घासते. खांबाची जाडीपण दोन तऱ्हेची येते. बारीक खांबाला मोठा क्लॅम्प लावून मध्ये पत्र्याची चकती कोंबतात, तसं अजिबात करू देऊ नका. तिथंच स्पार्क होतो.

ट्रेचं मात्र मी ऐकणार नाही. रबर टाकून चालत नाही. कोपरा आत्ता तुटतोय, उद्या बॅटरी तिरकी होऊन रेडिएटरवर जाईल. पत्रा सोडवून बाहेर काढा, नवा करून घ्या. कुपवाड एमआयडीसीत फॅब्रिकेशनवाले भरपूर आहेत, तासगावातपण मिळतील. ट्रॅक्टरवरच वेल्डिंग करायची वेळ आली तर बॅटरी पूर्ण बाहेर आणि अल्टरनेटरचं कनेक्शन सोडलेलं पाहिजे, नाहीतर अल्टरनेटरचे डायोड उडतात.

गंज का चढला ते तुमची मापं आल्यावर सांगतो. तीन गोष्टी विचारतो: बॅटरी नक्की कुठं बसते, पाणी किती दिवसांनी टाकता, आणि कुठलं टाकता?

---

मणेराजुरी_बागायत

दादा, मनापासून आभार. सगळं वहीत उतरवून घेतलं.

बॅटरी पुढे आहे, बॉनेटखाली, रेडिएटरच्या समोर. पुढच्या जाळीमागे लगेच बॅटरी. डिस्टिल्ड वॉटरच टाकतो. टाकायचं काम गड्याकडे असतं, तो प्रत्येक वेळी तोंडापर्यंत भरतो असं आता विचारल्यावर कळलं.

चार्ज करून ठेवली होती, सकाळी ११.८ दाखवली. हायड्रोमीटर तासगावातून आणला. पाच घरं १.२२० च्या आसपास आणि प्लसच्या बाजूने दुसरं घर १.११०. म्हणजे तुम्ही म्हणालात तसं एक घर गेलंच. नवी ५० चीच घेतली, ६५ ची उंचीत बसत नव्हती. दुकानात मीटर नेला होता. पहिली बॅटरी काढून दिली ती १२.३ दाखवत होती, ती परत दिली, दुसरी १२.७ ची घेतली. वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का समोर मारून घेतला.

ट्रे करायला टाकलाय. तोवर फळीवर बॅटरी ठेवून अर्थची चाचणी केली. मायनस खांब ते ब्लॉक १.१ व्होल्ट! प्लसची बाजू ०.२. म्हणजे अर्थच खराब. अर्थची जाळीची पट्टी चेसीला जिथं बोल्टने लावलीय तिथं रंग, माती आणि गंज यांचा थर होता. पट्टी हातात घेतली तर तारा तुटून गळायला लागल्या.

---

मिरज_ऑटोइलेक्ट्रिक

झकास काम केलंत ताई. दुकानात मीटर नेला हे तर फारच बरं. रॅकवर पडून राहिलेली बॅटरी गिऱ्हाईकाच्या गळ्यात मारायचे प्रकार होतात.

१.१ व्होल्ट म्हणजे जुनी बॅटरी धडधाकट असती तरी सेल्फ रडतच फिरला असता. नवी पट्टी घ्या, जुनीपेक्षा पातळ नको. चेसीची जागा पॉलिश पेपरने पांढरी होईपर्यंत घासा, बोल्टखाली दातेरी वॉशर टाका, आवळा, आणि मग वरून रंग किंवा ग्रीस. आधी ग्रीस लावून बोल्ट आवळायचा नाही. क्लॅम्पचंही तसंच: शिसं आणि क्लॅम्पची आतली बाजू कोरडी चकचकीत, आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन. हाताने हलवून बघा, जरासुद्धा फिरता कामा नये. फिरत नाही म्हणून हातोडीने ठोकू नका, खांब आतून सुटतो.

आता कारण. पाणी तोंडापर्यंत भरलं की चार्ज होताना फुगतं आणि बुचातून अ‍ॅसिडच बाहेर येतं. पाणी प्लेटच्या वर १०-१५ मिलिमीटर, बस. हे पहिलं कारण. दुसरं, दाबपट्टी तुटलेली, त्यामुळे हादऱ्याने खांबाचं बूड ढिलं झालं आणि तिथून वाफ निघत राहिली. एक घर मेलं तेही बहुतेक याच हादऱ्यांनी, प्लेटचा मसाला गळून खाली साचतो आणि घर शॉर्ट होतं. चार्जिंग तेवढं तपासायचं राहिलंय. ट्रॅक्टर चालू करून मधल्या रेसवर बॅटरीवर मीटर लावा. १३.८ ते १४.४ ठीक. १५ कडे जायला लागला तर रेग्युलेटर खराब, मग तो बॅटरी उकळवतोय असं समजा.

---

सावळज_सुपरसोनाका

मी तिसरं कारण सांगतो, बागेतला माणूस म्हणून. ताईंनी सांगितलं बॅटरी रेडिएटरच्या पुढे. रेडिएटरचा पंखा हवा पुढून आत ओढतो. आपण एक ओळ मारून पुढच्या ओळीत वळतो तेव्हा मागच्या ओळीवरचं धुकं अजून हवेत असतं. ट्रॅक्टर त्यात तोंड घालतो आणि पंखा ते धुकं जाळीतून सरळ बॅटरीवर ओढतो. त्यात बोर्डो (मोरचूद-चुन्याचं औषध) असलं की झालंच.

बोर्डो करताना आपण विळा बुडवून बघतो की नाही? विळ्यावर तांबूस थर चढला म्हणजे मोरचूद मोकळं राहिलंय, अजून चुना पाहिजे. मोरचूद लोखंडाच्या भांड्यात कालवू नका म्हणतात ते याचसाठी: तांबं लोखंडावर बसतं आणि लोखंड विरघळतं. ट्रेच्या पत्र्याचं हेच होतं. विळ्याची चाचणी न करता, अंदाजाने १ किलो मोरचूदला किलोभर जुना पडलेला चुना टाकला तर चुना कमी पडतो, मग मोकळं मोरचूद पानालाही भाजतं आणि पत्र्यालाही खातं.

मी काय करतो, फवारणी झाली की ब्लोअरच्या टाकीत साधं पाणी घेतो तसंच ट्रॅक्टरची पुढची जाळी आणि ट्रे हलक्या पाण्याने धुतो. बॅटरीची बुचं घट्ट आहेत ना बघतो आणि प्रेशर गन वापरत नाही, नाहीतर पाणी वायरिंगच्या कपलरमध्ये जातं. रेडिएटरपण स्वच्छ राहतो, इंजिन तापत नाही. हवा बंद होईल असं झाकण मात्र जाळीवर लावू नका कुणी, वारा थांबला तर इंजिन जाईल.

---

मणेराजुरी_बागायत

दादा, हे कुणीच सांगितलं नव्हतं. ट्रेचा पुढचाच कोपरा गेलाय, मागचा बराच शाबूत आहे. म्हणजे धुकं समोरून येतंय हे अगदी जुळतंय.

ट्रे आला. जाड पत्र्याचा केला, तळाला दोन भोकं ठेवायला सांगितली म्हणजे पाणी थांबणार नाही. रेड ऑक्साईडचे दोन हात, वाळल्यावर काळा इनॅमल. दाबपट्टीचे नवे हूक. आजूबाजूच्या चेसीवर सोड्याचं पाणी ओतलं, मगभर कोमट पाण्यात दोन-तीन चमचे. इतकं फसफसलं की मामा बघायला आले. फेस यायचा थांबेपर्यंत ओतलं, मग साध्या पाण्याने धुतलं. नवी बॅटरी तेव्हा लांब ठेवली होती, सोडा आत जायला नको म्हणून.

नवी अर्थ पट्टी बसवल्यावर तीच चाचणी: ०.१. चार्जिंग १४.२. पहिल्या चावीला सेल्फ असा फिरला की मामा म्हणाले, "नवा असतानासुद्धा असा फिरत नव्हता." गड्याला पाण्याची पातळी दाखवून ठेवलीय.

अजून एक विचारायचं राहिलं. एप्रिल छाटणीनंतरच्या फवारण्या आटोपल्या की पावसाळ्यात ट्रॅक्टर बरेच दिवस शेडमध्ये उभा असतो. तेव्हा काय करावं?

---

मिरज_ऑटोइलेक्ट्रिक

मायनस सोडून ठेवा. मीटर, घड्याळ थोडा करंट खात असतात, तो थांबतो. तरी बॅटरी आपली आपण उतरतेच, म्हणून महिन्यातून एकदा चार्जर लावा. नुसतं इंजिन पाच मिनिटं चालू करून बंद करू नका, सेल्फने जेवढं खाल्लं तेवढंसुद्धा भरून येत नाही. १२.४ च्या खाली बॅटरी पडून राहिली की प्लेटवर शिशाचं सल्फेट घट्ट बसतं आणि मग चार्जर लावूनही ते सुटत नाही.

पाणी चार्ज झाल्यावर टाका, आधी नको. प्लेट उघड्या दिसत असतील तरच आधी थोडं. अ‍ॅसिड कधीच टाकायचं नाही, उडून जातं ते पाणी.

---

वाळवा_दूधवाला

विषय बॅटरी बदलण्याचा आहे, पण जुन्या बॅटरीचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितोय. ताई, जुनी कुठं ठेवलीत? आणि सोड्याने धुतलेलं पाणी कुठं गेलं?

आमच्या भागात गोठ्याच्या कोपऱ्यात, वैरणीच्या गंजीमागे जुन्या बॅटऱ्या पडलेल्या मी बघितल्यात. जनावरं त्या चाटतात. त्यात शिसं असतं. वासरं तर लगेच चाटायला जातात. शिसं पोटात गेलं की जनावर आंधळ्यासारखं भिंतीला धडकतं, दात खातं, चक्कर येऊन पडतं, आणि डॉक्टर येईपर्यंत बरेचदा हातातून गेलेलं असतं. बॅटरी फुटकी असेल तर एकट्या जनावराला नाही, सगळ्या गोठ्याला धोका. मायनसवरची ती पांढरी भुकटीपण शिशाचीच, हे मिरजेच्या दादांनी वर सांगितलंच आहे. ती धुतलेली जागा गव्हाणीजवळ नसावी, पाणी हौदाकडे जाता कामा नये.

भंगारवाल्याला पण देऊ नका. तो अ‍ॅसिड ओढ्यात ओततो आणि शिसं वितळवतो. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्यांवर आहे, त्यामुळे दुकानात जुनी घेतातच. तिचे पैसे नव्याच्या बिलातून वजा करून मिळतात.

---

मणेराजुरी_बागायत

दादा, बरं झालं लिहिलंत. जुनी बॅटरी गोठ्याच्या ओसरीलाच ठेवली होती, ट्रे होईपर्यंत असू दे म्हणून. तुमचं वाचून लगेच उचलली. प्लास्टिकच्या घमेल्यात सरळ उभी ठेवून औषधाच्या खोलीत कुलूपबंद केली. धुणं शेडच्या मागे केलं होतं. हौद दुसऱ्या बाजूला आहे, पण तिथून शेळ्या जातात. ती वरची माती खरवडून पोत्यात भरली, तिकडं कुंपण घातलं. पोतं औषधाच्या खोलीतच ठेवलंय.

उद्या तासगावला बेदाण्याच्या सौद्याला गाडी जाणार आहे, त्यातून बॅटरी दुकानात देते. नवी घेताना जुनीचे पैसे धरले नव्हते, ते बिल सोबत नेते.